तिरकं माप

महिन्यातून दोनतीनदा तरी मला कुणाचा ना कुणाचा फोन येतो. 'वाचायला टॅब घ्यायचाय, किती इंची घेऊ?' मेहुण्याचा येतो, कॉलेजातल्या मित्राचा येतो, एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात हत्यार असतानाच हे विचारलं होतं. त्यांचं काही चुकत नाही. पडद्यावर मजकूर कसा बसवायचा, अक्षर केवढं ठेवायचं, ओळ कुठं मोडायची, कडेला जागा किती सोडायची, हेच माझं पुण्यातलं पोटापाण्याचं काम आहे. पूर्वी मी एका दमात उत्तर द्यायचो. कादंबऱ्या वाचणार असाल तर सहासात इंची घ्या, हातात राहतो. अभ्यासाची पुस्तकं, नकाशे, आकृत्या असतील तर दहाच्या पुढं जा. संपला विषय.

आता मी उलटे प्रश्न विचारतो. वाचणार काय? त्याचं पान उभं आहे का आडवं? मांडीवर ठेवून वाचणार का टेबलावर? चष्मा शेवटचा कधी बदलला? समोरचा वैतागतो. 'अरे, एक आकडा सांग ना,' म्हणतो. मी आकडा सांगत नाही. हे प्रश्न माझ्या डोक्यातून आलेले नाहीत. ते आमच्या गावच्या, तेरच्या भानुदासमामांचे आहेत, आणि मला ते मामांच्याच बाबतीत माप चुकल्यावर सुचले.

भानुदासमामा शिंपी. माझे सख्खे मामा नव्हेत; अख्ख्या तेरचे मामा. स्टँडवरून गावात शिरलं की पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड कापायचं टेबल आणि भिंतीला एक आरसा, तोही गळ्यापासून कमरेपर्यंतचाच. गिरणीचं पीठ उडून येई म्हणून मामा दर तासाला मशीन पुसत. टेप कायम गळ्यात. लग्नाच्या पंगतीत, मयतीला, सोनारीच्या जत्रेला जाताना एसटीतसुद्धा. मामी म्हणायच्या, 'रातच्याला तेवढा काढत्यात, त्यो बी उशाला ठेवत्यात.'

माप घ्यायची त्यांची तऱ्हा न्यारी होती. गिऱ्हाईक आरशासमोर छाती काढून ताठ उभं राहिलं की मामा टेप लावायचेच नाहीत. 'फोटू काढायचाय का? बस. बसून दाव,' म्हणायचे. मग तो बसायचा. मग 'हात वर कर'. मग 'खाली पडलेलं उचल'. शेतकरी असला तर वाकून खुरपल्यासारखं करायला लावायचे. लोक हसायचे, पण करायचे, कारण मामांचा कपडा काखेत कधी उसवत नसे. त्यांच्या मापाच्या वहीत आकड्यांच्या आधी नावापुढं एक शब्द असायचा. 'नांगर'. 'सायकल'. 'फळा'. फळा म्हणजे मास्तर. उजवा हात दिवसभर वर, तर तिथं सैल पाहिजे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी माझ्या नावापुढचा 'कॉलेज' खोडून 'खुर्ची' लिहिलं. मला तेव्हा त्याचा राग आला होता. एवढा इंजिनिअर झालो आणि मामांनी खुर्ची लिहावं.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिच्यात आहे. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत दुकानात टेकलो होतो. टेबलावर महादू हमालाचा नवा सदरा घडी करून ठेवलेला. महादू मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती वाहायचा. मी उगाच घडी मोडून पाहिली आणि शहाणपणानं म्हणालो, 'मामा, ही डावी बाजू बोटभर आखूड झालीय तुमची.' मामांनी मशीन थांबवलं. दारात कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, 'त्याचा डावा खांदा उतरलाय पोती वाहून. सरळ शिवला तर सदरा एका अंगाला लोंबतो, लोकं बघत्यात. असा शिवला की सरळ दिसतो.'

'महादूला माहितीय?'

'त्याला कशाला सांगायचं? त्याला वाटतंय भानुदास झ्याक शिवतो. तेवढंच वाटू दे.'

वीस वर्षं महादू ते सदरे घालून मोंढ्यात मान वर करून हिंडला. मी ती गोष्ट पुण्यात मित्रांना कितीतरी वेळा सांगितली, प्रत्येक वेळी कौतुकानं. कळली मात्र तेव्हा नव्हती, नाहीतर पुढचं घडलं नसतं.

मामांचा दुसरा जीव म्हणजे पोथी. श्रावणात मारुतीच्या देवळात संध्याकाळी महिनाभर पोथी लागायची आणि चाळीसेक वर्षं ती मामांनीच वाचली. मामा ओव्या वाचणार, शेजारी नारायणआबा अर्थ सांगणार. पोथी जुनी, सुट्या आडव्या पानांची, लाल कापडात बांधलेली. दीड वीत लांब पान, उंचीला वीतभरही नाही, अक्षर बोराएवढं. ती लाकडी ठवणीवर ठेवली की मामा चष्मा पुसून, एकदा डावीकडं एकदा उजवीकडं पाहून सुरू करायचे. ओळ वाचताना त्यांची मान डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत जायची आणि परत यायची. पान संपलं की दोन्ही हातांनी उचलून पलीकडं पालथं ठेवायचे, तेवढ्या वेळात आबांचा अर्थ सांगून व्हायचा. कुठली ओवी कुठल्या पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यांना ठाऊक. गावात मामांना मान होता तो त्या जागेचा. कपडे काय, धाराशिवला जाऊन तयार आणता येतात. पण श्रावणात मामा देवळात शिरले की म्हातारी माणसंसुद्धा सरकून वाट द्यायची.

ती पोथी झिजली. पानांचे कोपरे हातात यायला लागले. नवी आणली ती पुस्तकाच्या आकाराची, अक्षर मुंगीएवढं. मामांनी दोन पानं वाचून मिटली. आईनं मला फोनवर हे सांगितलं आणि मी तिथल्या तिथं जाहीर केलं, 'मामांना सांग, काळजी नको. मी पोथी टॅबमध्ये घालून देतो.'

मे महिन्यात गेलो. दोन दिवस मामांच्या ओट्यावर बसून मी पोथीच्या पानांचे फोटो काढले. मामा एकेक पान तान्ह्या पोराला उचलावं तसं उचलून सतरंजीवर ठेवायचे. पहिल्या पानाच्या वेळी त्यांनी गळ्यातला टेप काढून पानाच्या खालच्या कडेला सरळ लावून ठेवला.

'हे कशाला मामा?'

'माप असू दे फोटूत. पान केवढं हुतं ते कळंल तुला.'

मला तो पिवळा टेप फोटोत घाण दिसला. पुढच्या पानापासून मी तो काढायला लावला, आणि पहिल्या पानाची तेवढी कड नंतर कापून टाकली.

मग मी टॅब काढला. आठ इंची. 'मामा, तुमच्यासाठी खास घेतला,' म्हणालो. ते खोटं होतं. तो मला ऑफिसच्या कुठल्याशा कार्यक्रमात भेट मिळाला होता आणि वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून होता. माझ्या घरी दुसरा एक होता, बारा इंचांहून मोठा, रुंद, झकास. त्याच्यावर मी पलंगावर लोळत क्रिकेटच्या मॅचेस बघायचो. मामांना देताना तो मला आठवलासुद्धा नाही. खरं सांगायचं तर आठवला होता.

मामांनी टॅब हातात घेतला, उलटसुलट केला. 'किती म्हनलास?'

'आठ इंची.'

त्यांनी टेप लावला. आडवा लावला, उभा लावला. 'आठ कुठं हाय रं? हे बघ की.'

'मामा, पडद्याचं माप असं नसतं. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घेतात.'

मामांनी टेप तिरका लावून पाहिला आणि मोठ्यानं हसले. 'अगं ए, ऐकलंस का?' त्यांनी मामींना हाक मारली. 'हितं तिरकं माप घेत्यात म्हनं! म्या जर खांद्यापासून गुडघ्यापोत्तर तिरकं माप घेऊन सदरा शिवला तर?' मग हसू थांबवून म्हणाले, 'हे गिऱ्हाइकाला फसवायचं माप हाय. रुंदी सांग, उंची सांग. आपली पोथी आडवी हाय संतू. ह्या पाटीत कशी मावंल?'

'ॲडजस्ट होतं मामा सगळं. बोटांनी मोठं करायचं, की झालं.'

एवढा माझा धंदा. एवढी माझी भाषणं. आणि समोर चाळीस वर्षं मापं घेतलेला माणूस नेमका प्रश्न विचारत होता. मी त्याला लहान पोराची समजूत काढावी तसं गप्प केलं. सगळी पोथी नीट टाइप करून मोठ्या अक्षरात बसवता आली असती, तीही मी टाळली, कारण वेळ लागला असता आणि मला येत्या श्रावणातच दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नका. ऑफिसला दाखवायचं होतं. 'खेड्यातल्या देवळात डिजिटल पोथी' असं काहीतरी माझ्या डोक्यात तयार होतं. मामांना 'जरा वाचून दाखवा' एवढं एकदासुद्धा म्हणालो नाही.

जून-जुलैत मी दोनदा फोन केला. 'मामा, जमतंय का?'

'चांगलं हाय की,' मामा म्हणाले. 'लई हलकं हाय.'

श्रावणात पहिल्याच दिवशी मी तेरला हजर. मामांनी टॅबला पोथीच्याच लाल कापडाची पिशवी शिवली होती, आत मऊ अस्तर, वर झाकण, इतकी बेतशीर की टॅब आत सरकताना आवाजसुद्धा होत नव्हता. जुनी पोथीही त्यांनी काखेत घेतली होती. मी ती घरी ठेवायला लावली. 'भरवसा ठेवा मामा माझ्यावर. दोन्ही ठेवलं तर लोक म्हणतील, याला काय अर्थ आहे.' मामांनी मामींकडं पाहिलं. मामी काहीतरी बोलणार होत्या. मामांनी मानेनंच नको म्हटलं आणि पोथी त्यांच्या हातात दिली.

देऊळ भरलं होतं. मीच आईला सांगून सगळ्या गल्लीला कळवलं होतं. ठवणीवर टॅब ठेवला तो त्या रुंद लाकडावर अगदीच केविलवाणा दिसत होता. मामांसमोर माईक, कळसावर भोंगा. मी पुढं फोन धरून चित्रीकरण करत बसलो.

मामांनी चष्मा पुसला. पहिलं पान पडद्यावर आडव्या पट्टीसारखं दिसत होतं, वरखाली काळं. त्यांनी बोटांनी मोठं केलं, तर अर्धी ओळ कडेच्या बाहेर गेली. ती ओढून आणली तर आधीची अर्धी गेली. एक चरण वाचला, थांबले. ओढलं. दुसरा वाचला, थांबले. देवळात चुळबुळ झाली. मग त्यांनी हात ठवणीवरून काढून मांडीवर ठेवले आणि वाचायला लागले. काय वाचायला लागले! ओवीमागून ओवी, खणखणीत. आबांनी अर्थ सांगायचा, मामांनी पुढं न्यायचं. लोक डोलायला लागले. दहापंधरा मिनिटं अशी गेली.

मी मात्र फोनमधून पडदा बघत होतो. पडद्यावर अजून पहिलंच पान. माझ्या चित्रीकरणात पान सरकताना दिसतच नव्हतं. मामा पान पुढं न्यायला विसरले, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी गुडघ्यांवर पुढं सरकलो आणि माईकच्या तोंडाशी येऊन म्हणालो, 'मामा, पान सरकवा ना. तुम्ही अजून पहिल्याच पानावर आहात.'

भोंग्यातून ते गिरणीपर्यंत, स्टँडपर्यंत गेलं.

मग मागून एक जण म्हणाला, 'मंग इतका येळ मामा वाचत काय हुते?' आणि हशा पिकला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नारायणआबासुद्धा हसले आणि लगेच गप्प झाले.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि माईकमध्येच म्हणाले, 'संतू म्हनतो ते बराबर हाय. मला दिसंना झालंय. आता दुसरं कुनी तरी बसा.'

पडदा लहान आहे म्हणाले नाहीत. आडवी पोथी यात मावत नाही म्हणाले नाहीत. स्वतःचे डोळे गेले म्हणाले. सगळं देऊळ 'वय झालं मामा, चालायचंच' म्हणू लागलं, आणि मी, ज्याला त्या गावात त्या क्षणी एकट्याला खरं माहीत असायला हवं होतं, मीही मान डोलावली. 'हो, वयानं होतं असं,' म्हणालो. हे वाक्य मी बोललो आहे. ते पुसता येत नाही.

येडशीहून बदलून आलेले एक मास्तर होते, त्यांनी नव्या पुस्तकातून उरलेला श्रावण वाचला. चांगलं वाचलं म्हणे. आणि ज्यानं भर देवळात दिसत नाही म्हणून सांगितलं त्याच्याकडं नवं कापड कोण टाकणार? दिवाळीपर्यंत मामांकडं फाटकं शिवायचं, काजं-बटणं करायची तेवढंच काम उरलं, असं आई म्हणाली. मी ऑफिसच्या अहवालात लिहिलं, 'ज्येष्ठ वाचकांना सरावाला वेळ लागतो.' साहेबांना वाक्य आवडलं.

पुढं हिवाळ्यात एकदा एका सहकाऱ्याला नमुना दाखवायचा म्हणून मी ते पोथीचे फोटो तसल्याच आठ इंची टॅबवर उघडले आणि त्याला ऐटीत म्हणालो, 'थांब, वाचून दाखवतो.' तीन ओळी वाचता आल्या नाहीत. माझे डोळे उत्तम आहेत. मोठं करावं तर ओळ पळते, लहान करावं तर अक्षर पळतं, जरा जास्त ओढलं की पानच उलटतं. जुन्या फाइलीत जाऊन मी पहिल्या पानाचा न कापलेला फोटो काढला. खाली मामांचा पिवळा टेप, सरळ, नीट लावलेला. पान तेरा इंच. पट्टी घेऊन मी टॅबची रुंदी मोजली. पुरती सात भरली नाही. मामांनी माप माझ्या हातात दिलं होतं, आणि मी तेच कात्रीनं उडवलं होतं.

पुढच्या शनिवारी मी घरातला मोठा टॅब घेऊन तेरला निघालो. आधी चार रात्री बसून प्रत्येक पानाच्या कडेचा कोरा कागद कापला होता, म्हणजे पडद्याची सगळी रुंदी अक्षराला मिळेल. दुकानात मामा कुणाच्या तरी पिशवीचा बंद शिवत होते. मामी कांदे निवडत होत्या.

'मामा, माझं चुकलं,' मी म्हणालो. एसटीत जे जे ठरवून ठेवलं होतं त्यातलं एवढंच बाहेर आलं.

'आधी पानी पी,' मामा म्हणाले.

त्यांनी मोठा टॅब टेबलावर ठेवला. टेप लावला, आडवा. मग उभा. तिरका लावला नाही. पहिलं पान उघडलं तसा चष्मा पुसला, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं आणि हळूच वाचायला लागले. त्यांची मान डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत गेली आणि परत आली. एक पान संपलं, त्यांनी बोटानं दुसरं आणलं. सुईत दोरा ते अजून स्वतः ओवत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्या डोळ्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

'मग त्या दिवशी...' मी म्हणालो.

मामींनी कांदे बाजूला ठेवले. त्यांना आता राहवलं नाही. 'त्या बारक्या पाटीत दिसंना, म्हनून दोन महिनं रोज दुपारचं जुनी पोथी घिऊन बसायचे. पाठ केली. म्या म्हनलं, त्या पोराला फोन करून सांगा की दिसत न्हाय म्हनून. तर म्हनले, त्यानं हौसंनं आनलंय, माप चुकलं म्हनून कसं सांगू? पान बगून वाचल्यावानी करतो, कुनाला कळतंय?'

कुणालाच कळलं नसतं. महादूला कधी कळलं? मामांनी माझ्या चुकीवर बेमालूम शिलाई मारली होती आणि मी भर देवळात माईक धरून ती टराटरा उसवली होती. मला मामींच्या तोंडाकडं बघवेना. मी भिंतीवरच्या आरशात पाहिलं, त्यात माझी नुसती छाती दिसत होती.

'मामा, आज संध्याकाळी मी देवळात सांगतो सगळ्यांना,' मी म्हणालो. 'तुमचे डोळे गेले नाहीत, माप माझं चुकलं म्हणून. माईकवर सांगतो.'

मामांनी टेप बोटांना गुंडाळला. 'नगं. झालं गेलं. त्यो मास्तर चांगला वाचतो, त्याला आता कशाला उठवायचं? आन् तू पुन्याला मोठ्या कामावर. चारचौघांत कशाला?'

त्यांनी नको म्हटलं आणि मला हायसं वाटलं. चुकीचा टॅब दिला त्याची लाज आहे, खोटं बोललो त्याची आहे, माईकची तर आहेच. पण मला सगळ्यात जास्त लाज त्या हायसं वाटण्याची वाटते. मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. लगेच 'बरं, तुम्ही म्हणता तर,' म्हणालो आणि चहा प्यालो.

निघताना मामांनी आठ इंची टॅब मला परत दिला, लाल पिशवीसकट. स्टँडवर पोचवायला आले. धाराशिवची गाडी लागायला वेळ होता. मी बाकावर बसून फोन बघत होतो. मामा माझ्या मागं उभे होते. मला वाटलं, खांद्यावरचा कचरा झटकतायत. दोन बोटं त्यांनी मानेच्या हाडावर ठेवली, मग उजव्या खांद्यावर, मग डाव्या. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं तर मामा तिथंच बाकावर बसून, गुडघ्यावर ती मापाची वही ठेवून काहीतरी लिहीत होते. मी हात केला. त्यांचं वहीतच लक्ष होतं. मामा मला शेवटचे दिसले ते असे.

महिन्याभरानं आईनं गावाकडच्या कुणाच्या तरी हाती एक शर्ट पाठवला. मामांनी शिवला होता, माप न घेता, शिलाई न घेता. आकाशी, बारीक चौकटीचा. घातला आणि आरशात पाहिलं तर मी स्वतःलाच आवडलो. ऑफिसात दोघांनी विचारलं, कुठल्या दुकानातला. मामांना फोन करून सांगायचं होतं, ते आज करू उद्या करू म्हणत राहिलं. पुढचा श्रावण लागायच्या आत मामा गेले. दुकानातच, दुपारी, टेबलावर टॅब उघडा होता असं मामी म्हणाल्या. तो अजून त्यांच्याकडंच आहे. देवळात मी आजवर काही बोललेलो नाही. म्हणून निदान हे लिहिलं, आणि हे तेरला कुणीतरी मोठ्यानं वाचावं अशी माझी इच्छा आहे.

परवा आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याकडं कपडे आणायला गेलो. सकाळची वेळ, पाचसहा जण थांबलेले. त्यानं तो आकाशी शर्ट टेबलावर पसरला, दोन्ही कडा जुळवून पाहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, 'साहेब, कुठल्या टेलरनं शिवलाय हा? उजवी बाजू बोटभर आखूड आहे की. फसवलं तुम्हाला.'

मी पुढं होऊन पाहिलं. बोटभर. बरोबर बोटभर.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, 'शर्ट बरोबर आहे. खांदा माझा उतरलाय.'